पाणी महाल, घरी नेण्यास मनाई

संदर्भ ग्रंथांवर एक जांभळा शिक्का असतो : ‘घरी नेण्यास मनाई’. नळदुर्गच्या पाणी महालावर असा शिक्का नाही. बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात बसवलेला महाल कोण उचलून नेणार, असा विचार झाला असावा. (किल्ल्यांचे सुटे दगड नेण्याची रीत मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. कोणत्याही किल्ल्याखालच्या गावातली जोती फार निरखून पाहू नयेत.) तरीही अधूनमधून एखादी विद्यार्थिनी हा महाल घरी न्यायला निघते. चाळीस पानांत, स्पायरल बायंडिंग करून, दोन प्रतींत.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प आला की फळ्यावर विषय लिहिला जातो : ‘एका कलाकृतीचा अभ्यास’. त्याखाली बारीक अक्षरात अट असते : ‘महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील साधनांचा वापर करावा.’ विषयाला कोणी घाबरत नाही. ताजमहाल, मोनालिसा आणि अजिंठा हे तिन्ही झेरॉक्सच्या दुकानात तयार असतात. फाईल उघडायची, मागच्या वर्षीचे नाव खोडायचे, आपले टाकायचे. लिओनार्दोला मराठवाड्यात आजवर दहापैकी आठाच्या खाली कोणी उतरू दिलेले नाही. घात होतो तो खालच्या बारीक अक्षरांनी.

मोनालिसा घेऊन गेलेल्या मुलीला सर विचारतात, “अगं, येता-जाता पाणी महाल दिसतो तुला, आणि तू पॅरिसला कशाला निघालीस?”

प्रश्न बरोबर असतो, म्हणूनच गैरसोयीचा असतो.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग आहे. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते आणि पलीकडे रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. या दोहोंमध्ये विजापूरच्या आदिलशाहीत दगडी बंधारा बांधला गेला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या माणसाने त्या बंधाऱ्याच्या भिंतीतच महाल काढला. पावसाळ्यात नदी चढली की पाणी दोन ठिकाणांहून खाली कोसळते. एका धबधब्याला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. मधल्या महालात कमानीखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर नदी, समोर धबधबा, कानात एवढा आवाज की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये; आणि अंगावर थेंब नाही. चारशे वर्षांपूर्वी चुन्यात आणि दगडात केलेली ही कामगिरी. आज ग्रंथालयाच्या स्लॅबमधून एका सरीत पाणी येते आणि इतिहास विभागाखाली बादली ठेवावी लागते. मीर इमादीन आज असता, तर त्याची निविदा तांत्रिक छाननीतच बाद झाली असती.

ग्रंथालय मात्र पाणी महालाच्याच तत्त्वावर चालते. चहूबाजूंनी ज्ञानाचा लोट, मधोमध विद्यार्थी, आणि थेंब लागत नाही. कोरडा पाषाण ही शिवी आहे असे आपण समजतो. नळदुर्गात ती स्थापत्यातली पदवी आहे.

पुढे ज्या ग्रंथालयाचे वर्णन येते ते कुठल्या एका महाविद्यालयाचे नाही. उदगीरपासून परांड्यापर्यंत आणि अंबाजोगाईपासून अक्कलकोटपर्यंत जी ग्रंथालये आहेत, त्यांतून एकेक कपाट उचलून ते रचले आहे. दारात हजेरीची वही. तिच्यात वेळ लिहायची, सही करायची आणि ‘कारण’ या रकान्यात वरच्या माणसाने लिहिले असेल तेच लिहायचे. आत वाचनकक्ष. तो भरलेला असतो, पण तिथले कोणी ग्रंथालयाचे पुस्तक वाचत नसते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशी मांडणी असते आणि प्रत्येकाचे पुस्तक घरून आणलेले असते. या मुलांना लागते ती खिडकीजवळची जागा आणि पंखा. त्यांच्यापैकी कोणालाही नळदुर्गचा किल्ला कोणत्या नदीवर आहे ते विचारा, पापणी न लवता ‘बोरी’ सांगेल. महाल पाहिलास का, असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेत येत नाही.

विद्यार्थिनी देवघेवीच्या खिडकीशी येते. हातात बी.टी. कार्ड.

“सर, पाणी महालावर पुस्तक आहे का?”

ग्रंथपाल चांगले गृहस्थ असतात. बहुतेक ग्रंथपाल असतातच. पदे रिकामी राहिल्याने एक माणूस तिघांचे काम करतो आणि नॅकची समिती येणार असली की चौथ्याचेही. ते चष्मा वर करतात आणि विचारतात, “विषय कोणता?”

हा प्रश्न साधा वाटतो. तसा तो नाही. मेलविल ड्युई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली सगळ्या जगाचे ज्ञान दहा वर्गांत वाटून टाकले. त्या वाटणीत राजवाडे आणि किल्ले ७२८ मध्ये जातात, धरणे ६२७ मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये. राजवाडा धरणात असू शकतो ही शक्यता ड्युईच्या मनाला शिवली नाही. त्यामुळे पाणी महाल ७२८ म्हणून शोधायला जावे तर तिथे वास्तुकलेचे एक पुस्तक असते आणि त्यात ग्रीक खांबांचे तीन प्रकार असतात. ६२७ कडे जावे तर पाटबंधाऱ्यांवरची पुस्तके विज्ञान शाखेच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या इमारतीत. उरले ९५४. तिथे गर्दी आहे, पण ती बहुतेक गाईडांची.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. हे पाच नियम फ्रेम करून भिंतीवर लावलेले असतात. फ्रेमच्या खाली कुलूप लावलेले कपाट. मूळचे गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे रंगनाथनांनी नियम कमीत कमी ठेवले. सहावा नियम स्थानिक पातळीवर भर घालून झालेला आहे : किल्ली मामांकडे.

मामा म्हणजे शिपाई. पदनाम कागदावर काहीही असो, महाविद्यालयात प्रत्येक शिपाई मामाच असतो आणि ग्रंथालयातल्या मामांना पुस्तके विषयावरून ठाऊक नसतात, रंगावरून आणि जाडीवरून ठाऊक असतात. तालिकापत्रे जिथे हरतात तिथे ही पद्धत जिंकते. “किल्ल्याचं ते? हिरवं, जाड? ते खालच्या खान्यात. वाळवी लागली होती, औषध मारलंय, हात धुऊन घे.”

ते हिरवे जाड पुस्तक म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर, १९७२ सालचे. इंग्रजीत आहे. ते हाती आले की प्रकल्प निम्मा झाल्यासारखे वाटते. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते, त्यामुळे पुस्तक दोन जिल्ह्यांच्या वजनाचे आहे. ज्वारीच्या जाती, पावसाची सरासरी, टपाल कचेऱ्या, सगळे तपशीलवार. नळदुर्ग शेवटी, ‘ठिकाणे’ या प्रकरणात, वर्णानुक्रमाने. तिथवर पोचायला मुलगी दोन तास घेते, कारण वाटेत तिच्या मामाचे गाव लागते. आपल्या आजोळची १९६१ सालची लोकसंख्या छापलेली पाहून माणूस पुढे सरकत नाही. संशोधनात याला विषयांतर म्हणतात. ग्रंथालयात पुस्तक वाचल्याची तेवढी एकच खरी खूण असते.

मग येते नावांची भानगड. नळदुर्ग इंग्रजीत कसे लिहायचे यावर इंग्रजांचे एकमत झाले नाही. कोणी नुलद्रूग लिहिले, कोणी नलद्रुग, कोणी नलदुर्ग. संगणकावर आजचे स्पेलिंग टाकले की जुने काही सापडत नाही. जुने टाकले की संगणक विचारतो, तुम्हाला ‘ड्रग’ म्हणायचे आहे का? शोधगंगेवर प्रबंध शोधणाऱ्या मुलीने या शब्दामुळे औषधनिर्माणशास्त्राचे किती प्रबंध उघडून पाहिले याची मोजदाद नाही. जिल्ह्याचे नाव शोधावे म्हटले तर तेही एका जागी स्वस्थ बसलेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्हाच नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई, मग उस्मानाबाद झाला, २०२३ पासून धाराशिव. महाल तिथेच आहे, चारशे वर्षांत वीतभर हललेला नाही. पत्ता तेवढा दोनदा बदलला.

गॅझेटियर मुलीला एका साहेबाकडे पाठवते. फिलिप मेडोज टेलर. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा टेलर इथला कारभारी म्हणून आला. १८५७ पर्यंत राहिला, तोही किल्ल्यातच. १८६० मध्ये जिल्हा निजामाला परत मिळाला. रस्ते कर, जमिनी मोज, तंटे सोडव, आणि उरलेल्या वेळात लिही, असा त्याचा दिनक्रम होता. ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने ‘तारा’ लिहिली, ती १८६३ ची. आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली मुलीने प्रसिद्ध केले. ड्युईने वर्गीकरण काढले त्याच १८७६ साली टेलर वारला. या योगायोगाचा सूड अजून चालू आहे : टेलर ग्रंथालयात इतिहासात सापडत नाही, ८२३ खाली इंग्रजी कथावाङ्मयात सापडतो. आणि इंग्रजी कथावाङ्मयाच्या कपाटाकडे जायचे म्हणजे इंग्रजी विभागाची परवानगी हवी.

परवानगी मिळते. कपाटात टेलरची चांदबिबीवरची कादंबरी निघते, १८७८ ची, जुन्या बांधणीची. मुलीला वाटते, सापडले! कारण सुरुवातीलाच एक दुर्ग येतो, नदी येते, गर्जणारा धबधबा येतो. ती भराभर उतारे लिहून काढते. सहा पाने झाल्यावर एका वळणावर ध्यानात येते की नदी कृष्णा आहे आणि किल्ला आहे जलदुर्ग, तो रायचूरकडचा. एका अक्षराने शंभर कोसांचा फेरा पडतो. शिवाय चांदबिबी मारली गेली १६०० च्या सुमारास आणि महाल झाला १६१३ ला; म्हणजे कादंबरी नळदुर्गची असती तरी नायिकेला महाल दिसला नसता. सहा पाने वाया गेली असे समजू नये. ती ‘तुलनात्मक अभ्यास’ या शीर्षकाखाली प्रकल्पात राहतात.

खरे कामाचे पुस्तक, दख्खनच्या वास्तुकलेवरचे, आणखी एक असते. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक आहे, किंमत आहे, अनुदानाचे वर्ष आहे. कपाटात पुस्तक नाही. ते सरांकडे आहे. कोणत्या सरांकडे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. नळदुर्गला एक खंडोबा आहे, मैलारपूरचा. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांचा देव एकच. तो वर्षातला काही काळ इथे असतो आणि उरलेला काळ तिथे. जायचा दिवस ठरलेला, यायचा दिवस ठरलेला, दोन्ही गावांचे मानकरी जमतात, करार होतो आणि पालखी वाजतगाजत निघते. ग्रंथालयाच्या पुस्तकांबाबत असा करार अजून कोणी केलेला नाही. पुस्तक एकदा सरांकडे मुक्कामाला गेले की पालखी परतत नाही. प्रत्यक्ष देव दोन गावांत वाटून राहायला तयार आहे; वास्तुकलेचे पुस्तक नाही.

मुलगी शेवटी शिलालेखाकडे वळते. पाणी महालावर फारसी लेख आहे, त्यातूनच साल आणि करणाऱ्याचे नाव कळते. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी. अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे ग्रंथ ज्यांनी काढले, तेच हे. फारसी-अरबी शिलालेखांसाठी निघणारे ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ हे नियतकालिकही तेच संपादत, आणि नळदुर्गचे लेख त्यात छापून आले. ते अंक आता इंटरनेटवर पाहायला मिळतात. स्कॅन करणाऱ्याचा अंगठा काही पानांवर अमर झालेला असतो, काही पाने तिरकी, एखादे उलटे; पण पाने आहेत. लेखाचा मथितार्थ असा की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. मोबाइलच्या पडद्यावर तिरक्या पानातले बारीक फारसी पाहता पाहता मुलीच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण आदिलशाहीच्या कोणत्या यादीत आहोत, हे तिला कळून चुकते.

“सर, मला फारसी येत नाही,” ती मार्गदर्शकांना सांगते.

हे खरे नसते. ग्रंथालयाच्या दारावर त्याच दिवशी सूचना लावलेली असते : ‘शिपाई रजेवर असल्यामुळे कपाटाचे कुलूप उघडले जाणार नाही. तक्रार असल्यास अर्ज करावा. हुकमावरून.’ यात शिपाई फारसी. रजा, कुलूप, तक्रार, अर्ज, हुकूम अरबीतून फारसीवाटे आलेले. संस्कृत घराण्यातले एकटे कपाट, आणि तेच बंद आहे. कागद, शाई, दप्तर, तारीख, हजेरी, दरवाजा, बुरूज, महाल ही सगळी मंडळी त्याच काफिल्यातून आली. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या या शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तो खटाटोप उगाच नव्हता. दुर्ग हा शब्द रुळला. कुलपाने मात्र आपली जागा सोडली नाही.

उलटी गंमत पुढे आहे. १६०३-०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याला फारसी समजते पण धड बोलता येत नाही, तो मराठीत बोलतो, असे त्याने नोंदवून ठेवले. (हाच असद बेग विजापुरातून तंबाखू घेऊन गेला आणि अकबरापुढे हुक्का ठेवला. सरकारी दौऱ्यावरून काय आणावे याचे भान त्या काळीही वेगवेगळे होते.) म्हणजे महालावर लेख फारसीत, ज्याच्या राज्यात महाल झाला तो बोलणार मराठीत, आणि चारशे वर्षांनी मराठी मुलगी तो लेख वाचणार इंग्रजी भाषांतरात. या त्रिकोणात एकटा मीर इमादीन तेवढा बिनघोर.

इब्राहिम हा एकूणच प्रकल्पाला सोयीचा राजा होता. गाणारा, वाजवणारा, चित्रकार पदरी ठेवणारा. त्याने दख्खनीत ‘किताबे नवरस’ लिहिली आणि तीत सरस्वती-गणपतीला वंदन केले. आवडत्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते आणि हत्तीला आतशखान. १५९९ मध्ये विजापूरजवळ नवे शहर वसवायला घेतले, तेही नवरसपूर. नऊ या आकड्याचे त्याला वेड होते. त्याचे तंबोरा वाजवतानाचे एक सुंदर चित्र फारुख बेग या चित्रकाराने केले. ते आज प्रागच्या संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ साली दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे प्रदर्शन भरवले आणि त्याचा जाडजूड ग्रंथ काढला. राजाचा चेहरा पाहायला प्राग, त्याच्या काळाची चित्रे पाहायला न्यूयॉर्क. महाल पाहायला मात्र बसस्थानकावरून चालत गेले तरी चालते, आणि त्याच कारणाने तो पाहायचा राहून जातो.

एवढे वाचल्यावर कोणाही बुद्धिमान मुलीचे होते तेच होते : तिला स्वतःचा सिद्धांत सुचतो. किल्ल्यात एक बुरूज आहे, नऊ पाकळ्या असाव्यात तसा दिसणारा, लोक त्याला नवबुरूज म्हणतात. नऊ पाकळ्या! नवरस! रात्री साडेअकरा वाजता ती मैत्रिणीला फोन करून ही गोष्ट सांगते. मैत्रीण विचारते, नेलपेंटचे काय झाले. दुसऱ्या दिवशी सर म्हणतात, “पुरावा?” पुरावा नसतो. बुरूज इब्राहिमने बांधला असे सांगणारा कागद तिच्याजवळ नाही, बुरुजावर तसे लिहिलेलेही तिने पाहिलेले नाही. सर तो परिच्छेद खोडतात. निदान या एका ठिकाणी तरी सरांचे ऐकावे. पण खोडलेल्या त्या आठ ओळी आख्ख्या प्रकल्पात सर्वांत चांगल्या मराठीत लिहिलेल्या असतात, हेही सांगितले पाहिजे. बाकीचे मराठी ‘सदर वास्तू ही ऐतिहासिकदृष्ट्या अत्यंत महत्त्वपूर्ण असून’ असे असते. असून काय, ते पुढच्या पानावरही येत नाही.

राहिले छायाचित्र. प्रकल्प जमा करायचा असतो मार्चमध्ये. मार्चमध्ये नर गप्प, मादी गप्प, बंधाऱ्यावर ऊन आणि खाली शेवाळलेला खळगा. धबधबा सुरू व्हायला वरचे बोरी धरण भरून सांडावे लागते आणि ते भरते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, तेही भरले तर. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि बोरी नदी यांचा मेळ कोणत्याही कुलगुरूंना घालता आलेला नाही. म्हणून मुखपृष्ठावर गर्जणारे धबधबे असतात, इंटरनेटवरून घेतलेले, आणि आत लिहिलेले असते : ‘प्रत्यक्ष भेटीदरम्यान घेतलेले छायाचित्र’. चित्राच्या कोपऱ्यात कुणा पर्यटकाचे नाव अर्धवट खोडलेले दिसते.

पण एखादी खमकी मुलगी मार्चमध्येही जाते. उपळी बुरुजावर चढते, हत्ती तोफ आणि मगर तोफ पाहते, मग बंधाऱ्यावरून महालात उतरते. बरोबर धाकटा भाऊ, हातात शिवणकामाची टेप. भाऊ एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. दीड मीटरची टेप एकवीस वेळा सरकवून ती महालाचा एक कोपरा मोजते. सहल घेऊन आलेली कुटुंबे थांबून बघतात. एक काका विचारतात, “पीडब्ल्यूडीच्या का हो तुम्ही?” दुसरे म्हणतात, “रस्त्याचं रुंदीकरण इथवर आलं काय की!” ती मान वर करून कमानीच्या पोटाकडे बघते. भिंत कोरडीठाक. डोक्यावरून साडेचारशे पावसाळ्यांना चाळीस कमी, इतक्या वेळा नदी गेलेली आहे, आणि गिलाव्याखाली ओलीचा डाग शोधूनही सापडत नाही, निदान ती उभी आहे त्या कोपऱ्यात तरी. ती वहीत लिहिते : ‘कोरडे.’ पुढे बराच वेळ काही लिहीत नाही. भाऊ विचारतो, आता टेप सोडू का?

हा एक शब्द तिने कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. संदर्भसूचीत तो कुठे टाकायचा, हे ठरवता न आल्याने प्रकल्पात तो आलाच नाही.

प्रकल्प जमा होतो. एक प्रत विद्यापीठाच्या तपासनिसांसाठी, दुसरी ग्रंथालयासाठी. ‘ना देय’ प्रमाणपत्रावर सही हवी असल्यास प्रत दिल्याची पोच लागते, आणि त्याआधी गॅझेटियर उशिरा परत केल्याचा दंड. दंड कसा, ते पुस्तक तर घरी नेण्यास मनाई असलेले? मुलगी विचारत नाही, ग्रंथपाल सांगत नाहीत. मामांनी एका शनिवारी डोळेझाक केली होती.

ग्रंथपाल प्रत हातात घेतात, उलटतात, वजन बघतात. नोंदवहीत क्रमांक टाकतात. आता वर्ग. ७२८ लिहितात, खोडतात. ६२७? ९५४? पेन हवेत थांबते. मामा शेजारी उभे असतात, त्यांच्या डोळ्यांत या प्रश्नाचे उत्तर केव्हाचे तयार असते.

“सर, स्पायरलचं हे उभं राहत नाही कपाटात. घसरतं. वर टाकतो, आडवं.”

आणि पाणी महाल कपाटाच्या माथ्यावर जातो, नॅकच्या फायली आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, बरोबर त्या जागी जिथे पावसाळ्यात स्लॅब गळतो.

जूनमध्ये पहिली सर येते. मामा शिडी आणतात, गठ्ठे खाली उतरवतात, बादली वर ठेवतात. स्पायरलची ती प्रत ते उचलतात, पदराने पुसावी तशी रुमालाने पुसतात आणि मुखपृष्ठावरच्या धबधब्याकडे जरा वेळ बघतात.

“नर हा,” ते बोट ठेवून म्हणतात. “मादी खाली कापली गेलीय फोटोत.”

मग ती प्रत ते गॅझेटियरशेजारी, खालच्या खान्यात, औषध मारलेल्या जागी ठेवतात आणि हात धुवायला जातात.